गुरं, जाळी आणि फुलं : कास, भरतपूर आणि फुलांची दरी

आजच्या भागाची सुरुवात एका चुकीच्या कबुलीने करतो, आणि चूक माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी, हा पॉडकास्ट नवीनच होता तेव्हा, आपण कास पठारावर एक भाग केला होता. पठाराभोवती तेव्हा लोखंडी जाळी होती. मी त्या भागात अगदी ठासून म्हणालो होतो, "जाळी लावली ते फार बरं झालं. माणसं बाहेर, गुरं बाहेर, आता फुलं सुखाने फुलतील." पुराव्याच्या नावाने माझ्याकडे काहीच नव्हतं. पण वाक्य ऐकायला छान वाटत होतं, म्हणून ठेवून दिलं.

आठवडाभराने पठारावरच्याच एका गावातल्या मुलाचा फोन आला. आपला नियमित ऐकणारा, पुण्यात नोकरीला. न चिडता म्हणाला, "सर, भाग चांगला झालाय. पण आमच्या आबांनी ऐकला आणि मोबाईल बाजूला ठेवला. म्हणाले, त्याला एकदा इकडं घेऊन ये." मग मी गेलो. त्या दिवसानंतर मी वाचत सुटलो, आणि वाचता वाचता साताऱ्याहून राजस्थानात आणि तिथून थेट गढवालात पोहोचलो. आजचा भाग त्या प्रवासाचा आहे.

आधी जागा समजून घेऊ. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून पश्चिमेला साधारण २५ किलोमीटर गेलं की कास येतं. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर. रस्ता तसाच पुढे बामणोलीला उतरतो. तिथे कोयनेचा शिवसागर जलाशय, पलीकडे कोयना अभयारण्याचं दाट रान आणि त्या रानात वासोटा. म्हणजे आपण ज्याला 'फुलांचं पठार' म्हणतो, ते एका मोठ्या जंगलाचं अंगण आहे. तिथला गवा, भेकर, साळिंदर कुणाला विचारून अंगणात येत नाहीत.

आता गंमत बघा. या पठारावर माती जवळजवळ नाहीच. खाली काळा बसाल्ट, त्यावर जांभ्याचा थर, आणि त्यावर कुठे बोटभर, कुठे वीतभर माती. पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात तवा तापतो. झाडाला मूळ धरायला जागा नाही, म्हणून झाडं नाहीत. आणि झाडं नाहीत म्हणूनच बारक्या फुलझाडांना भरपूर ऊन मिळतं. गरिबीच इथली श्रीमंती आहे म्हणा ना. अशा जागी फुलणाऱ्या वनस्पतींच्या ८५० हून अधिक जाती नोंदल्या गेल्यात.

मातीत नत्र इतकं कमी की काही वनस्पतींनी सरळ शिकार करायला सुरुवात केली. 'सीतेची आसवं' नावाचं निळं-जांभळं नाजूक फूल आपण सगळे फोटोत बघतो. इतकं हळवं नाव, आणि झाड मात्र चक्क मांसाहारी! जमिनीखाली त्याला बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. शेजारी दवबिंदू, त्याच्या पानांवरचे चिकट थेंब किडे पकडतात. मग पांढऱ्या गुंड्यांसारखे गेंद, गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पिवळाच कवला, ज्याला आता सगळे 'मिकी माऊस' म्हणतात. डबक्यात वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. आणि टोपली कारवी, जी साधारण सात वर्षांतून एकदा एकदम फुलते आणि डोंगरउतार जांभळे करून टाकते.

तर अशा जागी मी आबांबरोबर उभा होतो. सप्टेंबर संपत आलेला, धुकं येतंय-जातंय. जाळीच्या आत पर्यटकांची रांग, बाहेर आम्ही दोघं. आबा सत्तरीच्या पुढचे. मला वाटलं आता ओरडा बसणार. पण त्यांनी मला जाळीच्या कडेने चालवत नेलं आणि एका जागी थांबवलं.

"हितं बघा. आन मग तिकडं बघा."

जाळीच्या बाहेर, गावाच्या बाजूला, गवत घोट्याएवढं होतं आणि त्यात तेरडा, गेंद मिसळलेले दिसत होते. आतल्या त्या पट्ट्यात गवत गुडघ्याला लागत होतं. फुलं होती, पण शोधावी लागत होती.

"आमची म्हसरं हितंच चरायची," आबा म्हणाले. "गवत खायची, बुटकं ऱ्हायचं. मग फुलाला ऊन मिळायचं. आता गवत वाढतंय, फूल खाली दडपतंय. आमी काय फुलाचं वैरी हाय व्हय?"

मी म्हटलं, "आबा, म्हशी फुलंही खात असतील की."

"खात्यात की. पर त्या काय आज आल्या? माज्या आज्याच्या आज्यानं म्हसरं चारली हितं. तवापासून फुलं हायतच की वो."

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाळी लावताना म्हशी चरत होत्या, आणि फुलंही होती. जागतिक वारशात जायच्या लायकीची होती. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून निवडल्या. त्यात महाराष्ट्रातल्या चार : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. म्हणजे जगाने ज्या कासवर शिक्का मारला, ते कास चरणाऱ्या गुरांसकट घडलेलं होतं.

आता एका पठाराच्या एका कोपऱ्यात दोन माणसांनी पाहिलेलं गवत म्हणजे शास्त्र नव्हे, हे मलाही कळतं. म्हणून मी घरी येऊन शोधायला लागलो, की असं आधी कुठे झालंय का. झालंय. आणि एकाच वर्षी, एकाच महिन्यात, दोन ठिकाणी. महिना नोव्हेंबर, साल १९८२.

पहिली जागा भरतपूर.

राजस्थानातलं केवलादेव पक्षी उद्यान आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. ते निसर्गाने जसंच्या तसं दिलेलं तळं नाही. अठराव्या शतकात भरतपूरच्या राजाने, सूरजमलने, अजान बांध घातला आणि त्या सखल भागात पाणी खेळवलं. पुढे संस्थानिकांनी तिथे बदकांची शिकारगाह केली. तिथे आजही दगडी फलक आहेत, कोणत्या लाटसाहेबाच्या मानात किती पक्षी पाडले याचे. १२ नोव्हेंबर १९३८ ची नोंद आहे : व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी. आकडा पुन्हा ऐका. एका दिवसात.

आणि या सगळ्या काळात आजूबाजूच्या गावांच्या म्हशी त्याच पाण्यात डुंबत होत्या, चरत होत्या.

स्वातंत्र्यानंतर शिकारगाहीचं अभयारण्य झालं. यात सालिम अलींचा मोठा वाटा. मुंबईचा माणूस, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा, म्हणजे आपल्या बीएनएचएसचा आधारस्तंभ. ते नसते तर त्या तळ्याची शेती झाली असती, हे मान्य करूनच पुढे जाऊ. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भरतपूर राष्ट्रीय उद्यान झालं. आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काय म्हणतो? राष्ट्रीय उद्यानात पाळीव गुरांना चराई नाही. अभयारण्यात थोडी मोकळीक असू शकते, राष्ट्रीय उद्यानात नाही. म्हशींनी पाणथळ जागेचं नुकसान होतं, असं तेव्हा तज्ज्ञांनाही वाटत होतं, सालिम अलींनाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई बंद झाली. गावकरी चिडले, जमले, पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला. त्यात गावातली माणसं मेली.

पक्ष्यांना वाचवायचं म्हणून माणसं मेली. आणि पुढे काय झालं?

बीएनएचएसने तिथे १९८० ते १९९० असा दहा वर्षांचा अभ्यास केला, डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली. म्हणजे बंदीच्या आधीचीही नोंद हाताशी होती आणि नंतरचीही. निष्कर्ष असा निघाला की म्हशी गेल्यावर पाण्यातलं पास्पॅलम नावाचं गवत बेसुमार वाढलं. उघडं पाणी झाकलं गेलं. बदकांना पोहायला जागा कमी, माशांना अडचण, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांनाही. जे काम म्हशी फुकटात करत होत्या, ते आता कुणी करायचं? अहवालाने सांगितलं, म्हशींची मर्यादित चराई या तळ्याच्या भल्याचीच आहे. गावकऱ्यांना गवत कापून न्यायची परवानगी द्यावी लागली ती वेगळीच.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय भावलं सांगू? ज्या संस्थेचा कौल म्हशींच्या विरोधात होता, त्याच संस्थेने दहा वर्षं मोजमाप केलं आणि स्वतःचं म्हणणं खोडून काढलं. आपल्याकडे हे फार कमी वेळा घडतं. मला तर एका पॉडकास्टमधलं एक वाक्य मागे घ्यायला इतकी वर्षं लागली.

आता दुसरी जागा. त्याच नोव्हेंबर १९८२ ची, ६ तारखेची.

त्या दिवशी गढवालातली फुलांची दरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाली. चमोली जिल्हा, भ्यूंडार खोरं, मधून वाहणारी पुष्पावती नदी, क्षेत्रफळ साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटर. गोविंदघाटहून चढत घांघरियाला जायचं. तिथून एक वाट हेमकुंड साहिबला जाते, दुसरी या दरीत. मी गेलो तो ऑगस्ट होता, आणि खरं सांगतो, पहिला अर्धा तास मी फोटोच काढला नाही. हिमनद्यांच्या पायथ्याशी सगळा उतार फुलांनी भरलेला. खडकाच्या आडोशाला निळी अफू, वर हेमकुंडच्या बाजूला ब्रह्मकमळ. याच रानात कस्तुरीमृग, हिमालयातलं काळं अस्वल आणि हिमबिबट्याही आहे, पण ते आपल्याला दिसायला तुमच्या-माझ्यासारख्यांचं नशीब कमी पडतं.

या दरीची प्रसिद्धी सुरू होते १९३१ मध्ये. फ्रँक स्माइथ नावाचा इंग्रज गिर्यारोहक ७७५६ मीटर उंचीचं कामेट शिखर सर करून परतत होता. बरोबर एरिक शिप्टन होता, आणि होल्ड्सवर्थ, जो वनस्पतींचा जाणकार. भ्यूंडार खिंड ओलांडून ही मंडळी धुक्यापावसात खाली उतरली, ती थेट फुलांत. स्माइथच्या डोक्यातून ती दरी जाईना. १९३७ मध्ये तो खास तिच्यासाठी परत आला, बिया आणि रोपं गोळा केली, आणि १९३८ मध्ये त्याचं पुस्तक आलं. पुस्तकाचं नाव तेच दरीचं नाव झालं.

ते पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी जोन मार्गारेट लेग नावाची वनस्पतींची अभ्यासक तिथे आली. फुलं गोळा करत असताना ४ जुलै १९३९ ला ती खडकावरून घसरली आणि गेली. तिला दरीतच पुरलं. पुढे तिच्या बहिणीने तिथे स्मृतिशिला बसवली. आजही लोक तिथे थांबतात, दोन फुलं ठेवतात. मीही थांबलो होतो.

पण ऐकताना एक शब्द खटकायला हवा. 'शोध'. स्माइथने दरीचा शोध लावला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. भ्यूंडारचे लोक तिथे उन्हाळ्यात मेंढ्या, गुरं घेऊन जातच होते. त्यांच्या गोष्टींमध्ये त्या दरीत पऱ्या राहतात आणि माणसाला उचलून नेतात. म्हणजे त्यांनी जागेला नाव दिलं होतं, गोष्ट दिली होती, भीतीही दिली होती. फक्त पुस्तक लिहिलं नव्हतं. साताऱ्याच्या पठाराचंही तेच. आबांच्या आज्याच्या आज्याला त्या जागेची माहिती होती. पुस्तकात ते 'चराऊ रान' होतं, एवढंच.

राष्ट्रीय उद्यान झालं आणि दरीत चराई बंद झाली. काही वर्षांनी एक उंच झुडपासारखी वनस्पती फोफावलेली दिसू लागली. पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम तिचं नाव, तिकडे लोक अमेला म्हणतात. माणसाच्या उंचीपर्यंत जाते, दाट वाढते, आणि खाली घोट्याएवढी फुलं सावलीत गुदमरतात. वनखात्याला दरवर्षी माणसं लावून ती उपटावी लागते. स्थानिक म्हणाले, बघा, आमच्या मेंढ्या असताना हे नव्हतं.

आता इथे सावकाश जाऊ, कारण इथे गोष्ट भरतपूरइतकी सरळ नाही. काही अभ्यासकांचं म्हणणं वेगळं आहे. ते सांगतात, अमेला जास्त वाढली ती जिथे पूर्वी मेंढ्यांचे तळ पडायचे तिथे. वर्षानुवर्षांच्या लेंड्यांनी तिथली जमीन खतावलेली होती. म्हणजे चराईनेच तिची सोय करून ठेवली, आणि चराई थांबल्यावर तिला मोकळं रान मिळालं. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. पण दोन्ही बाजू एका गोष्टीवर एकमत होतात : गुरं त्या दरीच्या इतिहासाचा भाग होती. ती काढली म्हणून दरी 'मूळ' अवस्थेत गेली नाही. ती तिसऱ्याच अवस्थेत गेली. पुढे २००५ मध्ये नंदादेवीच्या जोडीला ही दरीही जागतिक वारसा झाली.

तर आता परत कासला.

जाळी का लावली, हेही सांगायला हवं, नाहीतर मी दुसऱ्या टोकाची चूक करेन. जागतिक वारशाची बातमी आली, समाजमाध्यमांवर फोटो फिरले, आणि शनिवार-रविवारी पठारावर गाड्यांची रांग लागली. लोक फुलांत लोळून फोटो काढत होते. केसांत माळत होते. गाड्या सरळ सड्यावर. मी स्वतः एका काकांना सोनकीचा भारा बांधून गाडीच्या डिकीत टाकताना पाहिलंय, "घरच्या गणपतीला" म्हणून. त्या गर्दीला आवर घालणं भाग होतं. गावांच्या वन समित्या झाल्या, तिकीट आलं, दिवसाला किती माणसं सोडायची याची मर्यादा आली, ऑनलाइन नोंदणी आली. गावातल्या पोरांना मार्गदर्शक म्हणून, पार्किंगवर, तिकीट खिडकीवर काम मिळालं. हे सगळं चांगलंच झालं. आबांचा नातूही दोन हंगाम तिथे शिट्टी वाजवत उभा होता.

घोटाळा एवढाच झाला, की पुण्या-मुंबईहून येणाऱ्या माझ्यासारख्यांना थांबवायला जी जाळी आली, तिने म्हशींनाही थांबवलं, आणि गव्या-भेकरांनाही. रोग एकाला, औषध तिघांना. जाळी काढा ही मागणी पुढे गावांतूनही आली आणि अभ्यासकांकडूनही. कास हे राखीव वन आहे, राष्ट्रीय उद्यान नाही. त्यामुळे इथे कायद्याची ती पक्की भिंत मध्ये नव्हती. इथे विचार करायला जागा होती, आणि आहे.

मग म्हशी सोडाव्यात का सगळीकडे? नाही हो. किती म्हशी, कोणत्या महिन्यात, पठाराच्या कोणत्या भागात, याला उत्तर हवं. जास्त चराईने उजाड झालेली माळरानं आपल्याकडे कमी नाहीत. शेणाने जमीन खतावते हे आपण आत्ताच गढवालात बघितलं, आणि कासची फुलं तर नापीक जमिनीची फुलं आहेत. भरतपूरने शिकवलं ते हे, की आधी मोजा. एक तुकडा चराईचा, एक बिनचराईचा ठेवा, पाच-दहा वर्षं फुलं मोजा. आणि मोजायला आबांसारख्यांना बरोबर घ्या, कारण कुठल्या कोपऱ्यात कोणतं फूल कधी यायचं हे त्यांच्या डोक्यात आहे. ती नोंदवही कागदावर नाही, आणि सत्तरी पार केलेली आहे.

जाता जाता, तुम्ही जाणार असाल तर चार गोष्टी. शनिवार-रविवार टाळा. नोंदणी करून जा. आखलेल्या वाटेवरून चाला, कारण खडकावरचा हिरवा थर म्हणजे शेवाळं नाही, पुढच्या वर्षीची फुलं आहेत. एकाच दिवशी सगळं बघायचा हट्ट नको. जुलै-ऑगस्टमध्ये चवर असते, मग गेंद आणि तेरडा, सप्टेंबरअखेर कवला आणि सोनकी. पठार दर पंधरा दिवसांनी कपडे बदलतं. आणि पाचवी गोष्ट, न विचारता सांगतो : गावात थांबून चहा प्या, आणि जमलं तर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "पूर्वी इथे काय होतं?"

त्या दिवशी निघताना मी आबांना विचारलं होतं, "तुमच्या किती म्हशी होत्या?"

"अकरा."

"आणि आता?"

"दोन हायत. गोठ्यातच असत्यात. चारा इकत आणतो."

सड्यावर गुडघाभर गवत, आणि खाली गावात चारा विकत. जाळी बरी झाली म्हणताना हे मला दिसलं नव्हतं. म्हणून ते वाक्य आज मागे घेतो. आबा, ऐकत असाल तर, उशीर झाला, माफ करा.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत तुमच्या गावाजवळचा एखादा सडा, माळ, तळं, जिथे आता गुरं जात नाहीत, तिथे काय बदललं ते मला कळवा. ऐकत राहा, वाचत राहा. नमस्कार.